उस्तादचं पित्त

मामांना त्या दिवशी वहिनींनी सगळ्या ऑफिससमोर झापलं.

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या छोट्या कंपनीतले ते सगळ्यात जुने मदतनीस, म्हणून लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वहिनी तिथं फोनवर बसायच्या. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकली, कुठं दार लागत नाही, कुठं माणूस आत कोंडलाय, या तक्रारी ऐकायच्या आणि कुठल्या मेकॅनिकला कुठं धाडायचं ते ठरवायचं. त्यांचा नवरा तिथलाच हेडमेकॅनिक. त्याला सगळे उस्ताद म्हणत, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी.

मामा टेबलाशी आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मला उस्तादबरोबर देत जाऊ नका. खरं म्हणजे त्यालाच थोडे दिवस शाफ्टपासून लांब ठेवा. आज लिफ्टच्या टपावर उभा राहून झुलत होता. हत्यारांच्या पिशवीत बाटली असते त्याच्या."

वहिनींनी हातातला फोन आपटला.

"तोंड सांभाळून बोला, मामा! बीपीची गोळी चालू आहे त्यांना. आठ-आठ मजले चढून गेल्यावर कुणालाही गरगरतं."

"मी त्याच्या तोंडाशी उभा होतो, वहिनी. मला वास कळतो."

"मग तुमचाच असेल वास! आयुष्यभर ज्यानं तुम्हाला सांभाळून घेतलं त्याच्यावर उलटताना लाज नाही वाटत? स्वतःला धड दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या पिशव्या तपासतायत!"

ऑफिसातले सगळे माना खाली घालून बसले. मामांनी खिशातलं फडकं काढलं, हात आधीच स्वच्छ होते तरी पुसले, आणि निघून गेले. त्याच दुपारी वहिनी मालकांच्या खोलीत गेल्या. मामांची नजर गेलीय, शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या खोल पोकळीत, एखाद दिवशी काही झालं तर आपल्या गळ्याशी येईल, असं त्यांनी अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. मामांची रवानगी स्टोअरमध्ये झाली. तिथं बसून सामान द्यायचं आणि घ्यायचं. त्यानंतर उस्तादबद्दल वहिनींपाशी चकार शब्द काढायची कुणाची छाती झाली नाही.

घरी तर भाषाच निराळी होती. सकाळी उस्ताद बेसिनवर वाकून ओकायला लागला की सासूबाई म्हणायच्या, "पित्त झालंय." वहिनी म्हणायच्या, "उशिरा जेवतात ना, त्यानं होतं." संध्याकाळी तो दारात अडखळला तर ते दमणं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळला तर आठवड्याची झोप भरून काढणं. हात थरथरायला लागले ते ड्रिल मशीनमुळे. शेजारणीला घाणेरडी शिवी दिली तर ती शेजारीणच मुळात आगाऊ. दारू हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं.

आणि ती दारू आणायच्या वहिनीच.

बाहेर बसले तर चारचौघांत शोभा होते, येताना गाडी कुठं तरी ठोकतील, त्यापेक्षा घरात, डोळ्यांसमोर घेतलेली बरी, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. ऑफिस सुटलं की भाजीच्या पिशवीत, कांद्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली यायची. सासूबाई पिशवी रिकामी करायच्या. कांदे टोपलीत, बटाटे टोपलीत, आणि ते कागदातलं गाठोडं, त्याच्याकडं न बघता, पिठाच्या डब्यामागं. दोघींमध्ये त्याबद्दल एक अक्षर व्हायचं नाही. या एका कामात सासूसुनेचं जे जमायचं ते दुसऱ्या कुठल्याही कामात जमलं नाही.

त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला हे सगळं लहानपणापासून दिसत होतं. एका संध्याकाळी तिनं डब्यामागची बाटली काढली, टोपण उघडलं, सिंकमध्ये उपडी केली आणि वरून नळ सोडला.

सासूबाई धावत आल्या. "अगं अगं, काय करतेस! बापाची वस्तू आहे ती!"

"वस्तू? नाव घे ना तिचं, आजी. दारू. एकदा म्हणून दाखव."

"बघ गं, काय बोलतेय तुझी लेक!"

वहिनी मोरीतून ओल्या हातांनीच बाहेर आल्या. सिंकमधून भपकारा उठला होता.

"बाप आहे तो तुझा," त्या ओरडल्या. "तुझ्यासाठी मर मर मरतो!"

"मरतो? सोपी सोपी कामं तू त्याला काढून देतेस, ऑफिसात बसून. मला माहितीय सगळं. आणणार तू, लपवणार ही, आणि ओतून टाकणारी मी वाईट?"

वहिनींनी तिच्या कानाखाली वाजवली. पोरगी रडली नाही. रिकामी बाटली तिनं ओट्यावर नीट उभी केली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

उस्ताद यायच्या आत वहिनी चपला घालून खाली गेल्या आणि दुसरी बाटली घेऊन आल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं.

भर दुपारची वेळ. एका निवासी इमारतीतून फोन आला की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत कुणी नाही, पण म्हातारी माणसं आहेत, लवकर कुणाला तरी पाठवा. वहिनींनी उस्तादला फोन लावला. तो जवळच्याच दुसऱ्या इमारतीखाली, कंपनीच्या गाडीत बसला होता.

"कुठली… कुठली बिल्डिंग?" त्यानं विचारलं.

वहिनींनी सांगितलं.

"हां. कुठली म्हणालीस?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. पलीकडून शब्द असे येत होते जणू तोंडात काहीतरी धरून बोलतोय. मग तो उगाचच हसला. तिसऱ्यांदा विचारलं, "बिल्डिंग कुठली पण?"

वहिनींच्या समोर, हाताच्या अंतरावर, दुसरा मेकॅनिक रिकामा बसला होता. चहात बिस्किट बुडवत होता. त्याला "तू जा" म्हटलं असतं तर तो कप ठेवून उठला असता. पण मग मालकांनी विचारलं असतं, उस्ताद जवळ असताना याला का धाडलं? काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. वहिनींनी फोनवर तिसऱ्यांदा पत्ता सांगितला, सावकाश, पोराला सांगतात तसा, आणि ठेवून दिला.

"लाईन खराब आहे आज," त्या समोरच्या मेकॅनिकला म्हणाल्या. त्यानं विचारलंही नव्हतं.

उस्ताद चौथ्या मजल्यावर गेला. लिफ्टचा पिंजरा खाली अडकला होता. तिकोनी चावीनं त्यानं चौथ्या मजल्याचं दार उघडलं, ते मिटू नये म्हणून खाली लाकडाची पाचर मारली, आणि खाली डोकावून पाहिलं. असं दार उघडं ठेवलं की समोर पिवळा लोखंडी कठडा उभा करायचा असतो. हा लिफ्टच्या कामातला पहिला धडा. कठडा गाडीत पडून होता. उस्तादला काहीतरी आठवलं, पाना असेल नाहीतर दुसरं काही, आणि दार तसंच उघडं टाकून तो जिन्यानं खाली निघाला.

त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून पडदे शिवणारी बाई बाहेर पडली. त्या घरचे जुने पडदे उसवून नवे करायला घेऊन चालली होती. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत कापडाचा ढीग. समोर लिफ्टचं दार उघडं दिसलं. ती आत शिरली.

दीड मजला खाली, लिफ्टच्या टपावर ती पडली. अंगाखाली पडद्यांचा ढीग आला म्हणून जीव वाचला. दोन्ही पाय आणि कंबर मोडली.

संध्याकाळी उस्ताद घरी आला तेव्हा त्याची उतरली होती. सोफ्यावर बसून तो हुंदके देत होता. सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या.

"मामानं कठडाच दिला नाही," तो म्हणाला. "स्टोअरमध्ये मागितला, तर नाही म्हणाला. मुद्दाम केलं त्यानं. त्याला स्टोअरला टाकल्याचा राग आहे ना."

"मेला म्हातारा," सासूबाई म्हणाल्या. "डूख धरून बसला होता."

वहिनींनी त्याच दिवशी सकाळी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं होतं. मामांनी कठडा स्वतः खांद्यावर आणून उस्तादच्या गाडीत मागच्या बाजूला ठेवला होता, आणि वर फडक्यानं पुसलाही होता. हे दृश्य त्यांना लख्ख आठवलं. आणि तरी दुसऱ्याच क्षणी त्यांना वाटलं, तो आदल्या दिवशीचा असेल. किंवा दुसऱ्या कुणाच्या गाडीत ठेवत असतील. असं करता करता त्यांना मामांचा इतका राग आला की अंग तापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तडक स्टोअरमध्ये गेल्या.

"समाधान झालं? एका बाईचे पाय मोडलेत. सूड उगवायचा तो माझ्यावर उगवायचा होता!"

मामा स्क्रूचे डबे लावत होते. त्यांनी हातातला डबा फळीवर ठेवला.

"तुम्ही खिडकीत होतात, वहिनी," ते म्हणाले. "मी वर पाहिलं, तुम्ही खाली पाहिलंत."

"मी काही पाहिलं नाही!"

"बरं," मामा म्हणाले, आणि पुन्हा डबे लावू लागले. त्या एका शब्दानं वहिनींचा आणखी भडका उडाला. त्या पाय आपटत वर गेल्या. त्याच दिवशी मालकांनी मामांना घरी बसायला सांगितलं.

मालकांना एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. सरकारी तपासनीस यायचा होता. "वहिनी, तुम्ही जाऊन त्या बाईला भेटून या," ते म्हणाले. "बाईमाणूस गेलं की समोरचं माणूस निवळतं. तिच्या हातात ढीग होता, समोरचं दिसलं नाही, एवढं ती म्हणाली तरी पुष्कळ. आपण तिला वाऱ्यावर सोडणार नाही, असं सांगा."

वहिनी फळं घेऊन दवाखान्यात गेल्या. बाई त्यांच्याच वयाची निघाली. कमरेला प्लास्टर, एक पाय वजनाला टांगलेला. उशाशी तिची म्हातारी आई बसली होती.

"लिफ्ट कंपनीतून आले मी, ताई. कसं वाटतंय?"

"कसं दिसतंय?"

वहिनींनी मनात घोकून आणलेलं सांगायला सुरुवात केली. "आमच्या स्टोअरच्या माणसानं कठडा द्यायला हवा होता, तो दिला नाही. त्याला आम्ही घरी बसवलंय. आता तुमच्याही हातात एवढं ओझं होतं, समोरचं दिसलं नसेल तर…"

"मला सगळं दिसत होतं," बाई म्हणाली. "तुमचा माणूस समोरून येत होता. मी विचारलं, झाली का लिफ्ट? तर म्हणाला, झाली झाली, जा बिनधास्त. आणि असा भपकारा आला त्याच्या तोंडाचा, की मी तोंड फिरवलं. तोंड फिरवलं म्हणून तर आत लिफ्ट आहे की नाही ते बघायचं राहिलं."

"ते पित्ताचं औषध घेतात," वहिनी म्हणाल्या. ओठांवर बसलेलं वाक्य आपोआप निघून गेलं. "त्याचा वास येतो तसा. त्यांना पित्ताचा फार…"

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बायको त्याची."

वहिनींनी फळांची पिशवी उशाशी ठेवली.

"कंपनीची बाई कशाला पित्ताचं सांगेल? बायकोच सांगणार. कंपनीत काय करता?"

"फोन घेते. कुणाला कुठं पाठवायचं ते बघते."

"म्हणजे त्याला तुम्हीच पाठवलंत." बाईचा आवाज चढला. "फोनवर बोलला असेल ना तो तुमच्याशी? तेव्हा कळलं नाही?"

"वर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत रेंज नसते, आवाज नीट…"

"मी शिवणकाम करते, बाई! पायानं मशीन चालवते! हे पाय बघा. नीट बघा, तिकडं खिडकीकडं नको. या पायांकडं बघून सांगा मला, की रेंज नव्हती."

वहिनींनी पायांकडं पाहिलं. उस्ताद फोनच्या वेळी मशीनच्या खोलीत नव्हताच. गाडीत होता. एकेक अक्षर त्यांना ऐकू आलं होतं. ते उगाचचं हसणंही.

"निघा," बाई म्हणाली. "आणि ती फळं उचला."

आईनं फळांची पिशवी उचलून वहिनींच्या हातात कोंबली.

रस्त्यानं वहिनी तरातरा चालत सुटल्या. आधी त्या त्या बाईला शिव्या घालत होत्या. काय उर्मट बाई, बोलायची रीत नाही. मग मालकांना, स्वतःची सुटका करायला मला पुढं केलं म्हणून. मग मामांना, मग पुन्हा त्या बाईला. एका चौकात कुणाचा तरी धक्का लागला. वहिनी गर्रकन वळून किंचाळल्या, "डोळे फुटलेत का? काय समजता काय स्वतःला?"

तो माणूस भांबावून म्हणाला, "अहो, मी काय केलं? तुम्हीच आलात अंगावर."

लोक बघत होते. वहिनींना एकाएकी संताप आला, आणि तो त्या माणसाचा नव्हता. फोनवर तीनदा पत्ता सांगणाऱ्या, पोराला समजवावं तशा सावकाश आवाजात सांगणाऱ्या त्या बाईचा होता. फळांची पिशवी त्यांनी तिथल्याच कचराकुंडीत भिरकावली.

घरी उस्ताद सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होता. सासूबाई लिंबाचं पाणी ढवळत होत्या.

"मामावर केस झाली का?" त्यानं विचारलं.

वहिनींनी टीव्हीची पिनच उपटली.

"काय म्हणालात तुम्ही तिला? झाली, जा बिनधास्त, असं म्हणालात?"

"कुणाला? मला काही आठवत नाही."

"आठवत नाही! ती लिफ्टच्या टपावर पाय मोडून पडली, आणि यांना आठवत नाही! कठडा गाडीत होता. मामांनी ठेवला. मी बघितला. मी या डोळ्यांनी बघितला आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर नाही म्हणून आले!"

"अगं हळू," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आधीच त्रास होतोय पित्ताचा…"

"पित्त नाही, आई! दारू! दारू! दारू!" वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. "दारू पिऊन शाफ्ट उघडा टाकला यांनी. आणि आपण दोघी इथं बसून लिंबू पिळतोय!"

सासूबाईंनी ग्लास आदळला. "आणि आणून कोण देत होतं गं? मी जाते का दुकानात? तुझ्या पिशवीतून यायची ती काय कांद्याबरोबर उगवत होती?"

"आणि डब्यामागं कोण ठेवायचं?"

"तू आणलीस म्हणून ठेवायची!"

"तुम्ही ठेवायच्या म्हणून मी आणायची!"

दोघी समोरासमोर उभ्या राहून धापा टाकत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एकमेकींशी खरं बोलत होत्या, आणि एकमेकींचा गळा धरायचाच तेवढा बाकी राहिला होता. उस्तादनं तोंड झाकून घेतलं. "मी मरतो," तो रडू लागला. "जीव देतो. मग सुटाल सगळ्या."

हे त्याचं नेहमीचं होतं. तो रडला की भांडण मिटायचं. सासूबाई आत्ताही धावल्याच. त्याचं डोकं त्यांनी छातीशी धरलं आणि सुनेकडं असं पाहिलं की आता ये, तूही ये.

वहिनी गेल्या नाहीत. "इथं रडू नका," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जा आणि तिच्यासमोर रडा. बघू ती काय म्हणते."

पोरगी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. वहिनींनी तिच्याकडं पाहिलं. काय वाटलं होतं कोण जाणे, पोर येऊन बिलगेल असं वाटलं असावं.

"आत्ता ओरडतेस?" पोरगी म्हणाली. "कुणीतरी पडल्यावर?" तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. सर्दीनं नाक चोंदलेला, लुकडासा माणूस. मालकांच्या खोलीत बसून प्रत्येकाला एकेक करून बोलावत होता. मालकांनी वहिनींना दारातच गाठलं. "फक्त एवढंच सांगा, कठडा स्टोअरमधून निघालाच नाही. बाकी मी बघतो. तुमच्या संसाराचा प्रश्न आहे, वहिनी."

वहिनी आत जाऊन बसल्या. तपासनिसानं विचारलं की त्या दिवशी कुणाला पाठवायचं हे कुणी ठरवलं.

"मी," वहिनी म्हणाल्या. "कठडा मामांनी गाडीत ठेवला होता, तो मी पाहिला. आमचे मेकॅनिक प्यायले होते. फोनवर मला कळलं होतं. दुसरा माणूस समोर रिकामा होता, तरी मी त्यांनाच पाठवलं. ते नेहमी पिऊनच असायचे, आणि मी त्यांनाच पाठवायचे. मामांनी मला सांगितलं होतं. मी त्यांची नजर गेलीय असं खोटं सांगून त्यांना तिथून हलवलं."

तपासनीस नाक पुसायचा थांबला. "तुम्ही त्यांच्या पत्नी ना?"

"हो. म्हणून तर कळलं फोनवर."

बाहेर आल्यावर मालक दात-ओठ खात म्हणाले, "नवऱ्याच्या पोटावर पाय दिलात."

"त्याच्या पोटात काय जात होतं ते तुम्हालाही माहीत होतं, मालक. कंपनीच्या पार्टीत त्याचा ग्लास तुम्ही स्वतः भरायचात. 'आमचा उस्ताद दोन घोट घेतल्याशिवाय हात चालवत नाही' असं पाहुण्यांना हसून सांगायचात. तेव्हा मीही हसायची."

उस्तादचा परवाना गेला, त्याच्यावर खटला उभा राहिला. कंपनीलाही पडदेवाल्या बाईला भरपाई द्यावी लागली. ती बाई आता काठी घेऊन चालते, मशीनला मोटर बसवलीय. तिनं वहिनींना माफ वगैरे केलं नाही. वहिनींनी माफी मागितलीही नाही. नोकरी गेलीच होती. दुसऱ्या वस्तीत दोन खोल्या घेऊन त्या लेकीबरोबर राहायला गेल्या आणि एका दातांच्या दवाखान्यात फोनवर लागल्या.

मामांना कंपनीनं परत बोलावलं. वहिनी एकदा त्यांच्या घरी गेल्या. मामा दारातच उभे राहिले.

"मामा, मी तुमच्याशी फार वाईट वागले."

"वागलात," मामा म्हणाले. "शेवटी खरं बोललात ते चांगलं केलंत. पण आत या म्हणायला माझी जीभ वळत नाही, वहिनी. आज तरी नाही." वहिनी मान हलवून परत फिरल्या. येताना त्यांना मामांचा राग आला नाही. असा राग न येता कुणाकडून परतण्याची त्यांना सवय नव्हती. बसमध्ये त्या सारख्या तिकिटाच्या घड्या घालत बसल्या.

उस्ताद व्यसन सोडवायच्या केंद्रात जाऊन आला. मधूनच पळाला, पुन्हा गेला. बायकोनं साक्ष देऊन आयुष्य नासवलं, असं तो भेटेल त्याला सांगतो, आणि ऐकणारे चुकचुकतात. वहिनींच्या कानावर हे आलं की त्या अजूनही पेटतात. पोरगी आता आईशी बोलते, थोडंथोडं, कामापुरतं. एकदा भांडी घासता घासता तिनं विचारलं, "तुला खरंच वाटायचं का गं, पित्त आहे म्हणून?"

वहिनी बराच वेळ एकच ताट घासत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पण वाटायचं नाही हे मी कधी मला कळू दिलं नाही."

"मला मारलंस तेव्हाही?"

"तेव्हा तर मुळीच नाही. म्हणूनच मारलं."

धुतलेलं ताट पोरीनं पुसायला घेतलं.

परवा एका सकाळी सासूबाई आल्या. जिने चढून दमल्या होत्या. वहिनींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सासूबाईंचा चेहरा फुललेला होता.

"सुधारला गं तो," त्या म्हणाल्या. "अगदी सुधारला. आता नुसती बिअर घेतो. ती काय दारू नव्हे. तू आलीस ना, तर तीही सोडेल. मला म्हणाला तसं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला."

म्हाताऱ्या बाईवर ओरडायचं नाही असं वहिनींनी ठरवलं, आणि ओठ घट्ट मिटले. मग शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "आई, तुम्ही इथं राहा. माझ्याजवळ. कायमच्या. तुमचं सगळं मी करेन. तो नाही येणार इथं."

"आणि त्याला कोण बघणार?"

"कुणी नाही. तो स्वतः."

"असं कसं? आजारी माणूस आहे तो."

"आजारी आहे हे मान्य ना? मग बिअरला सुधारणा कशाला म्हणता? काल कुणाला शिव्या दिल्या त्यानं? परवा कुठं पडला होता? सांगा ना मला! नुसती बिअर घेणाऱ्या माणसाच्या आईच्या मनगटावर हा वळ कसला?"

सासूबाईंनी पदर मनगटावर ओढला. "दारात हात चेमटला," त्या म्हणाल्या. "जुनं दार आहे ते. नीट लागतच नाही."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांना त्या खुर्चीसकट म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. समोर त्यांचाच चेहरा बसला होता, वीस वर्षांनी म्हातारा झालेला, आणि तो त्यांच्याकडं बघून विनवणीनं हसत होता.

"तो मारतो तुम्हाला, आई," त्या म्हणाल्या, आणि शेवटी आवाज फुटलाच. "मारतो! एकदा तरी म्हणा! माझ्यासमोर नको, दार लावून एकट्या म्हणा, पण म्हणा!"

सासूबाई उठल्या. "तू पहिल्यापासून कठोरच," त्या म्हणाल्या. "आईचं काळीज तुला नाही कळायचं." जिन्याच्या कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.

वहिनी जिन्याच्या तोंडाशी आल्या. "दार उघडंच आहे, आई!" त्या खाली वाकून ओरडल्या. "केव्हाही या! एकट्या या!"

चपलांचा आवाज मजल्यामजल्यानं खाली जात राहिला. मग तोही थांबला. वहिनी घरात आल्या, खुर्ची उचलली आणि इतक्या जोरानं भिंतीशी आदळली की तिचा पाय निखळला.